नर्सच्या हातची वाटी

बहिणीची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली आणि डॉक्टरांनी मान हलवली. बाप्तिस्म्याशिवाय बाळ जायला नको, म्हणून मी रिक्षा करून चर्चच्या फादरना आणायला धावले. परत येते तर बाप्तिस्मा होऊन गेलेला! बहिणीला उठवत नव्हतं. तिनं बाप्तिस्म्याचे शब्द सांगितले आणि कपाळाला विभूती लावलेल्या नर्सनं ते म्हणत बाळाच्या डोक्यावर वाटीनं पाणी ओतलं होतं.

मी भडकले. वीस वर्षं चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणारी मी! "फादर, या लिंगायत आहेत. हा कसला बाप्तिस्मा? तुम्ही परत द्या."

फादरनी नर्सला एवढंच विचारलं, "पाणी ओतलंत? शब्द म्हटलेत? बाळाच्या आईला हवं होतं तेच करायचं होतं ना?"

"व्हय की. लेकराच्या आईनं मागितलं, मी न्हाय कशाला म्हणू?"

"मग झाला. जिवावर बेतलं की कुणीही देऊ शकतं. पुन्हा द्यायचा नसतो."

फादरनी वही काढून तिचं नाव विचारलं. चर्चच्या रजिस्टरात बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात मी आजवर फक्त फादरांचीच नावं पाहिली होती. आता तिथं हिचं लागणार होतं.

नर्स वाटी विसळायला निघाली. मी पुढं होऊन म्हणाले, "राहू द्या बाई, मी विसळते."