नऊवारी आणि कॅलिपर

नीलांबरी घाटपांडेच्या कपाटाच्या दाराला आतून एक पिवळा पडलेला फोटो चिकटवलेला होता. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, टेबलामागे बसून हसताना. सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी तो सहा वर्षांच्या नीलांबरीला दिला होता. “रडतेस काय? यांनाही पोलिओ झाला होता. चार वेळा निवडून आले!” ती जी रडायची थांबली, ती पुन्हा कुणापुढे रडली नाही.

पुढे तिने जे केलं त्याला हट्ट म्हणा नाहीतर माज. डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या, घालून ती इंजिनिअरिंग कॉलेजचे तीन जिने रोज चढली. तिच्यासाठी वर्ग खाली आणायला निघालेल्या प्राचार्यांना तिने साफ नाही म्हटलं. २००५ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती हॉलंडमधल्या आइंडहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या चाचण्या घेत होती आणि वरिष्ठांशी तोंडावर वाद घालत होती. डच लोकांना ते चालतं, म्हणून तिला डच लोक चालत.

पण पायाचा विषय निघाला की या वाघिणीची शेळी व्हायची. फोटो काढताना ती खुर्चीमागे उभी राही. तिच्या लग्नात सगळ्या चुलतबहिणी नऊवारीत मिरवल्या, नवरी मात्र पाचवारीत. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात ना! आई, वासंतीबाई, म्हणाल्या होत्या, “पाचवारीच नेस, सगळं झाकून जातं.” नीलांबरीला भयंकर वाईट वाटलं होतं, पण तीही पाचवारीच नेसली होती.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिचं रूझवेल्टवर भाषण ठरलं. तयारीला तिने लायब्ररीतून चरित्रं आणली आणि तिचं डोकंच फिरलं. चाकाच्या खुर्चीतले फोटो त्यांची माणसं काढू देत नसत. अनेकदा लोक बघायच्या आत त्यांना जागेवर नेऊन ठेवत. कपाटातला फोटो कमरेच्या वरचाच का, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं.

त्याच संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष शिरीषराव यांचा फोन आला.

“नीलांबरीताई, काही टेन्शन घेऊ नका. पडदा उघडायच्या आधीच तुम्हाला स्टेजवर बसवून टाकू. टेबलाला खालपर्यंत कापड लावतोय. उगाच सगळ्यांसमोर तुमची ओढाताण नको.”

माणूस मनाचा चांगला, आजाऱ्याच्या घरी डबा पोचवणारा. म्हणूनच तिला जास्त झोंबलं.

“तुम्ही पडदा वेळेवर उघडा,” ती म्हणाली. “माझं मी बघते.”

वासंतीबाई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आल्या होत्या. कार्यक्रमाच्या दिवशी नीलांबरी म्हणाली, “आई, तुझी जांभळी नऊवारी दे. आणि तूच नेसव.”

“अगं, पायातलं दिसेल.”

“दिसू दे.”

वासंतीबाई लुगड्याची घडी घेऊन आल्या. मग लेकीसमोर खाली बसल्या. काष्टा घालताना लुगडं पट्ट्यांत अडकत होतं. त्यांनी ते हळूच सोडवून वर खोचलं.

“लग्नात मीच अडवलं तुला,” त्या खाली बघतच म्हणाल्या. “चुकलं माझं.”

पडदा उघडला तेव्हा टेबलामागची खुर्ची रिकामी होती. हॉलचं मागचं दार उघडलं आणि लाकडी जमिनीवर लोखंड वाजू लागलं. दीडशे माना वळल्या. शिरीषराव गळ्यातला कॅमेरा सावरत आधार द्यायला धावले. तिने हातानेच त्यांना थांबवलं. स्टेजवर पोचायला तिला चांगली दोन मिनिटं लागली, आणि तिने मुळीच घाई केली नाही.

“रूझवेल्ट मला आवडतात,” ती म्हणाली. “त्यांनी सुरू केलेल्या कामातून पोलिओची लस निघाली, मी जन्मायच्या आधी. सांगलीत ती मला वेळेत मिळाली नाही, याचा राग आहे, पण तो त्यांच्यावर नाही. माझं भांडण वेगळंच आहे. पायातल्या लोखंडाचं ओझं ते अमेरिकेच्या संसदेत बोलून दाखवतात, ते मरणाच्या दीड महिना आधी! त्यांना निवडून यायचं होतं. मला नाही.”

तिने टेबलाचं कापड ओढून काढलं आणि टेबलाच्या पुढे येऊन उभी राहिली.

“शिरीषराव, आता काढा फोटो. पायांसकट.”