मावशींच्या परसातली माती

गांडुळांच्या पेटीवरचं ओलं गोणपाट उचलण्याआधी मावशी हात स्वच्छ धूत. नंतर नव्हे, आधी. "आपल्या हाताचं त्यांना लागाया नको," म्हणत. आमच्या प्रयोगशाळेतली गांडुळं त्याच सांभाळत.

ब्रीझे वेर्दिएर या, आमच्या बेटाच्या ऊसपट्ट्यातल्या गावाहून त्या दोन बस बदलून येत. उमेदीची वर्षं उसात खुरपण्यात गेली होती. नवरा तिथेच औषध फवारायचा. तो लवकर गेला. मी प्रयोगशाळेत मदतनीस, क्वात्र बॉर्न शहरातली, घरी क्रेओल ही बेटावरची बोलीच जास्त. माझं तोडकंमोडकं मराठी त्या न हसता नीट करून देत.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमचे साहेब परदेशातून एक नवी चाचणी शिकून आले. विषारी मातीतलं गांडूळ लगेच मरत नाही. पण तग धरायला त्याचं शरीर काही प्रथिनं जास्त बनवू लागतं. चाचणीच्या फिल्मवर त्यांचा काळा पट्टा उमटतो; प्रथिनं जितकी जास्त, तितका गडद. उसातल्या गांडुळांचा पट्टा गडद आला. तुलनेला स्वच्छ मातीतली म्हणून घेतलेल्या, मावशींच्या पेटीतल्या गांडुळांचाही तितकाच गडद.

साहेब चिडले. उन्हानेही तीच प्रथिनं वाढतात, पेट्या उन्हात राहिल्या असणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी मला फवारणी न झालेल्या जंगलातली माती आणायला लावली, नवी पेटी भरली आणि तिच्यात काही गांडुळं हलवली. पेटी जुन्यांच्या शेजारीच ठेवली. काही आठवड्यांनी त्या गांडुळांचा पट्टा फिका आला. म्हणजे दोष उन्हाचा नव्हता. जुनी माती कुठली, साहेबांनी विचारलं.

"माज्या परसातली. सगळ्यात चांगली म्हनून आनली."

त्याच परसातली भाजी नातवंडं खात. भाजीला पाणी पिंपातलं, आणि पिंप औषधाचं, नवऱ्याने शेतावरून रिकामं आणलेलं. गावात घरोघरी तशीच पिंपं होती.

साहेब वरमले. अहवालात घर कुणाचं ते लिहायला नको, म्हणाले.

"नाय, मिस्ये," मावशी साहेबांना म्हणाल्या. "गावात माजं नाव सांगा. मंग लोक ऐकतील."

रविवारी साहेब आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळी भाजी उपटून टाकली होती. साहेबांनी अंगणातच त्यांची माफी मागितली. मग आम्ही तिघं पिंपांबद्दल सांगत दारोदार हिंडलो. एका घराने दार लावून घेतलं, एका म्हाताऱ्याने मावशींना मेलेल्या नवऱ्याला बदनाम करते म्हणून ऐकवलं. तरी संध्याकाळपर्यंत चार पिंपं टाकून द्यायला रस्त्यावर आली.

दोनेक वर्षांत मावशी आजारी पडल्या. पोर्ट लुईच्या इस्पितळात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "ती भाजी खाल्ली पोरांनी, त्यांना पुढं काय होईल का गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. "माहीत नाही, मावशी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि थोडं सरकून मला खाटेवर बसायला जागा केली.