नळीला न कळणारा श्वास

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात सुमित्राचा धाकटा भाऊ नारायण तिच्या तोंडाला लावलेला रबरी फुगा दाबत होता. फुगा दाबला की तिची छाती वर येई. "दाजी, अक्का श्वास घ्यायलीय की," तो सारखं म्हणत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मेंदू संपलाय, हा फुग्याचाच श्वास आहे, कधी थांबायचं ते तुम्ही ठरवा. नवरा म्हणून ते माझ्यावर आलं... महिना उलटला, ते ओझं अजून उतरलेलं नाही.

सुमित्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मी तुरीचा व्यापारी. प्रयोगाला तूर माझ्याच दुकानातून जायची, तीही निवडून. ती तीन चंबू मांडायची. एकात मोड आलेली तूर, एकात कोरडी, एकात उकडलेली. बी श्वास घेईल तसं चंबूच्या नळीत रंगीत पाणी चढायचं. मोडांचं पाणी चढायचं, बाकी दोन्ही नळ्या ढिम्म. पोरी म्हणायच्या, दोन्ही मेलीत. मग ही खुलायची. "उकडलेली मेलीय. कोरडी झोपलीय गं. लई हळू श्वास घ्यायलीय, आपल्या नळीला कळंना, एवढंच." एकदा आळंदची एक पोरगी धावत आली, उकडलेल्या तुरीच्या नळीतही पाणी चढलं होतं. हिने चंबू हुंगला. "बुरशी लागलीय. श्वास तिचा हाय, तुरीचा न्हाई." घरी येऊन हे हसत हसत सांगितलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "मास्तरीणबाई, आमची पोती तेवढी झोपू द्या."

दवाखान्यात मला तेच आठवत होतं. फुग्याचा श्वास तिचा नव्हे, हे तिनेच शिकवलेलं. पण कोरडी तूरही तिनेच शिकवलेली... नळीला कळत नाही म्हणून मेली म्हणू नये. यातली माझी सुमित्रा कोणती, हे सांगू शकेल अशी एकच बाई माझ्या माहितीत होती, आणि तिलाच विचारता येत नव्हतं. शेवटी मी नारायणचा हात धरला. "बास कर, बाळा." त्याने फुगा सोडला. छाती पुन्हा वर आली नाही. बरोबर केलं का, मला माहीत नाही. मला ती हवी होती, एवढं माहीत आहे.

दुपारी जेवून मी घटकाभर आडवा होतो. माझं घोरणं थांबलं की ती हातातलं काम टाकून यायची आणि माझ्या नाकाखाली बोटं धरायची. झोपमोड व्हायची, मी चिडायचो. "कामून उठवायलीस?"

"तुमचा श्वास बघायलीय," म्हणायची.

आता झोप पुरी होते. कुणी उठवत नाही. तरी हल्ली जाग आली की मी डोळे मिटून तसाच पडून राहतो, श्वास रोखून.