थकव्याची विचारपूस करायला मंठ्याकडे

औरंगाबादहून सकाळची एसटी धरली तेव्हा थंडी चांगलीच होती. कॅन्सर वॉर्डातली नर्स मी. एरवी रुग्ण आमच्याकडे येतात. पण मंठ्याजवळच्या खेड्यातल्या सुमनबाई केमोथेरपीची तारीख चुकवून घरीच राहिल्या होत्या. गावात फोन नव्हता, निरोपाला उत्तर नव्हतं. शेवटी सुटी काढून मीच निघाले.

जालना मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कापसाची रानं लागली. वाटूरच्या फाट्यावर बस पंक्चर झाली. चहा पिताना बसमधल्या एका म्हातारबुवांनी चौकशी केली. ते सुमनबाईंच्याच गावचे निघाले.

"दत्तरावाची बायको? ती आता न्हाई वाचत," ते हळूच म्हणाले. "दिवसदिवस पडून राह्यते."

पुढचा रस्ता जीपमध्ये दाटीवाटीनं गेला. मनात तेवढंच वाक्य घोळत होतं.

घर माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं). ओसरीवर सुमनबाई गोधडी पांघरून पडल्या होत्या. दत्तरावांनी पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "औषधानंच खचून राह्यली ती, सिस्टर. नाहीतर आजार तरी अंगात पसरला असंल. मंग कशाला न्यायचं परत?"

"परवा जरा बरं वाटलं," सुमनबाई म्हणाल्या, "तर मी घर सारवलं, धुणं धुतलं. कालपासून उठणं होईना. झोपले तरी थकवा जात न्हाई."

मी दोघांना समोर बसवलं. असा थकवा उपचारांनीही येतो, तो आला म्हणजे आजार वाढलाच असं नाही, हे सांगितलं. रक्त कमी झालंय का, तेही पाहायला हवं. त्यासाठी तरी दवाखान्यात यावंच लागेल.

"उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी असलं की तुम्ही काय करता?" मी दत्तरावांना विचारलं.

"थोडं उपसायचं, थांबायचं. झिरपू द्यायचं."

"यांच्या अंगातली ताकद सध्या तशी आहे. परवा यांनी सगळी एकदम उपसली."

त्यांनी बायकोच्या अंगावरची गोधडी नीट केली.

कोणतं काम स्वतः करावंसं वाटतं, असं मी सुमनबाईंना विचारलं. "भाकरी," त्या लगेच म्हणाल्या. "माझ्या घरात मीच पाहुणी झाले, बाई."

सुनेनं पीठ मळून दिलं, चूल पेटवली. सुमनबाईंनी बसून दोन भाकरी थापल्या. तिसऱ्यासाठी हात पुढे गेला तेव्हा दत्तराव म्हणाले, "बस आता. बाकीच्या सून करंल." सुमनबाईंना थांबणं जड गेलं, डोळे भरून आले, पण थांबल्या. मग आम्ही वांग्याचं कोरड्यास (कालवण) आणि त्या भाकरी खाल्ल्या. सकाळी अंगणापर्यंत फिरायचं, दुपारी थोडंच पडायचं, हेही जेवताना ठरलं. निघताना त्या भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. "येते मी तारखेला," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्यावर विश्वास ठेवायचा धीर होत नव्हता.

पण त्या आल्या. रक्त कमीच निघालं. त्यावर औषध सुरू झालं, आणि राहिलेले डोसही पुरे झाले. थकवा मात्र पुढे कितीतरी महिने रेंगाळला. दुखतं का, ताप येतो का, हे आम्ही प्रत्येकाला विचारत होतो. थकव्याचं कुणी विचारत नव्हतं, आणि त्याच्याच भीतीनं एक बाई उपचार सोडून बसली होती.

एका तारखेला वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी दत्तरावांना शेजारी बसलेल्या, बायकोला केमोसाठी घेऊन आलेल्या माणसाला सांगताना ऐकलं, "थकली म्हणून घाबरू नका. तिला काम करू द्या, फक्त मधी बसवत चला. आमची बी अशीच झाल्ती."