पदराने पुसलेला प्लग

परवा वाटेत सुट्टं पेट्रोल घ्यावं लागलं आणि गाडी धक्के देऊ लागली. आज सकाळी इंजिनचे चारही स्पार्क प्लग खोलून कागदावर ओळीने मांडले. काळेकुट्ट, ओले आणि रॉकेलचा वास.

लहानपणी काकांच्या व्हॅनला हाच वास असायचा. पोटदुखीने तळमळणाऱ्या आईला राहात्याहून नगरच्या दवाखान्यात नेताना व्हॅन वाटेतच बंद पडली. काकांनी प्लग काढला, त्यावर थुंकले आणि म्हणाले, "वहिनी, पदर द्या जरा. पंपवाल्यानं भेसळ केलीय."

"घ्या भावजी, पन लवकर करा," आई कण्हत म्हणाली.

काकांनी काजळी तिच्या पदराला पुसली. व्हॅन सुरू झाली, ऑपरेशन वेळेत झालं. काकांनी वहिनीला वाचवलं, हे आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितलं जायचं. मलाही अभिमान वाटायचा.

आज प्लग तसेच ठेवून आईला फोन केला. "भेसळ पंपवाल्याचीच होती ना गं?"

"कुठला पंपवाला? आपलं रेशनचं रॉकेल हुतं, भावजीच वतायचे गाडीत. पदर माझ्या नाकाशीच हुता, मला कळत न्हाई व्हय?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"गाडी त्यांच्या हातात हुती, बाळा."