कापसाच्या ढिगात
कापसाने भरलेला टेम्पो दारावरून गेला, की सरकीचा तेलकट, धुळकट वास नाकात शिरतो आणि मला एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात भाव येईपर्यंत म्हणून आम्ही वेचलेला सगळा कापूस मधल्या खोलीत ठेवला होता. ढीग पार छताला टेकलेला. सहा महिन्यांच्या धाकट्याला त्याच खोलीत, दुसऱ्या भिंतीशी गोधडीवर निजवलं, चार वर्षांच्या लेकीला जवळ बसवलं आणि नळाला पाणी आलं म्हणून मी अंगणात गेले. घागर घेऊन आले तर ढीग घसरून खोलीभर पसरलेला, गोधडी कुठंच दिसेना, आणि लेक कोपऱ्यात बसलेली. "बाळ कुठं हाय?" तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल, झोपलाय. तेला लय थंडी वाजायलती, म्या पांघरलं." कुठं, म्हणून विचारलं तर तिनं सगळ्या ढिगाकडं हात केला. धावत शिरावं तर पाय कशावर पडेल, या भीतीनं मी उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी कापूस उपसत पुढं सरकत गेले. रडणं नाही, हालचाल नाही. मग बोटांना काळा दोरा बांधलेला पाय लागला. बाळाला ओढून काढलं तेव्हा पापण्यांवर, नाकाशी तंतू चिकटलेले; मी ते पुसले, तसा तो शिंकला आणि रडायला लागला. लेक वैतागून म्हणाली, "उठवलं ना तेला." आता दोघंही शाळेत जातात. तरी कापूस घरात आला की मी उंबऱ्यात थांबून दोघांना हाक मारते, आणि दोघांनी ओ दिल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही.