अठ्ठेचाळीस आकडे

बाजाराच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळे सेलकाका म्हणत. कारण रोग कुठलाही असो, त्यांचं औषध ठरलेलं. मशीन उघडायचं, मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल काढायचा, चहा पिऊन यायचं आणि सेल परत बसवायचा. कुणी सेटिंगचा कितीही विचका केलेला असो, मशीन मूळपदावर येई. वीस वर्षं हे औषध लागू पडलं, त्यामुळे काकांच्या डोक्यात थोडी हवाही गेली होती. पडद्यावरची अक्षरं वाचत बसणाऱ्यांची ते यथेच्छ टिंगल करत.

एका सकाळी एक निवृत्त ग्रंथपाल बायकोचं मशीन घेऊन आले. वीज जाऊन आल्यापासून ते सिक्युअर बूटच्या, म्हणजे सुरू होतानाच्या सुरक्षा-तपासणीच्या, नावाने तक्रार करून थांबत होतं. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. घशाच्या ऑपरेशनने आवाज जाणार हे कळल्यावर तिने पंधरा दिवस बसून नवऱ्यासाठी या मशीनमध्ये बोलून ठेवलं होतं. कुठली गोळी कधी घ्यायची, वॉशिंग मशीन कसं लावायचं आणि अधूनमधून नुसतं रागावणं, असं ग्रंथपालांनीच हसत सांगितलं. रोज सकाळी ते त्यातलं एक ऐकत. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलंय का, असं काकांनी विचारलं, तर त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

काकांनी सेल काढला, चहा पिऊन आले, सेल बसवला. पडद्यावर चार ओळी आल्या आणि शेवटी हो की नाही असं विचारलं. काकांनी हो दाबलं. त्या ओळींत काय होतं ते त्यांनी नंतर शोधून वाचलं: सुरक्षेची चिप कोरी होईल, डिस्कला कुलूप असेल तर त्याचे आकडे हाताशी असल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिक्युअर बूटची तक्रार गेली खरी, पण निळ्या पडद्याने डिस्कच्या कुलुपाचे अठ्ठेचाळीस आकडे मागितले.

मग काकांनी मशीन ग्रंथपालांच्या घरी नेऊन जोडलं आणि आठवडाभर तिथे जाऊन त्यांच्या बायकोच्या वह्या, कपाटं, औषधांच्या फायलीसुद्धा चाळल्या. आकडे कुठेच नव्हते. डिस्कच मेली असं सांगितलं असतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता. काकांच्या मनात ते येऊनही गेलं, पण जीभ रेटेना.

"माझ्या हातून झालं," ते म्हणाले. "न वाचता हो दाबलं मी."

ग्रंथपालांनी विचारलं, "सगळं पुसलं गेलंय?"

"नाही. आत आहे. पण आता कुणालाच उघडता येणार नाही."

"म्हणजे ती आहे." त्यांनी मशीनवरची धूळ बाहीने पुसली. "शेवटचे सहा महिने तशीच तर होती. समोर बसायची, बोलता यायचं नाही. तिला वाटायचं, मला करमत नसेल."

काका वायरी काढायला वाकले, तर त्यांनी हात धरला. चालूच राहू दे, म्हणाले. मग खुर्ची ओढून ते त्या निळ्या पडद्यासमोर बसले. काका जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून रडले.